पुझांतच्या गाडीचा उजवा कोपरा

माझा भाऊ पुझांत गेला त्याला आता दोन महिने होतील. लोक येतात, कॉफी पितात, म्हणतात किती शांत माणूस होता. शांत कुठला. अकरा वर्षं त्याने एका गाडीच्या बंपरपायी माझं डोकं खाल्लं. चर्चमध्ये पाद्रीबाबा त्याच्याबद्दल चांगलं बोलले, कष्टाळू होता म्हणाले, देवभोळा होता म्हणाले, मला वाटलं हे कुणाबद्दल चाललंय. बंपरचं एक अक्षर नाही. आणि त्यांना तर सगळं माहीत होतं, त्याचा एक कोपरा त्यांनी स्वतः बैरूतहून बॅगेत घालून आणलेला. म्हणून मीच लिहिते.

आम्ही बैरूतचे अर्मेनियन, आणि इकडे अमेरिकेत ग्लेंडेलच्या घरात तिघं राहायचो. मी वेर्जिन, मोठी बहीण, कपडे अल्टर करते, सदुसष्ट वय. पुझांत माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान, लग्न केलं नाही, शाळेची पिवळी बस चालवायचा. आणि आमचे बाबा, मानूग, त्र्याण्णव वर्षांचे. बाबा आहेत अजून. आत्ता आतल्या खोलीत रेडिओ मोठा करून बसलेत.

बाबांनी बैरूतला एकतीस वर्षं टॅक्सी चालवली. शेअर टॅक्सी, तिकडेही इथल्यासारख्या गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, कुणी हात केला की उजवीकडे घेऊन थांबवायची, माणूस कोंबायचा, पुढे जायचं. शेवटची बारा वर्षं त्यांच्याकडे मर्सिडीज होती, पांढरी, डिझेलची, लाल नंबरप्लेट. पुझांतने ती गाडी कधी बघितलीच नाही. लढाई सुरू झाली तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता, आईने त्याला इकडे मामाकडे पाठवून दिलं, आणि बाबांनी गाडी घेतली त्यानंतर. त्याला टपालाने एक फोटो आला. फोटोत गाडी आहे आणि बाबा पुढच्या बाजूला टेकून उभे आहेत, एक पाय पुढे, हात बॉनेटवर. तो फोटो पुझांतने तीस वर्षं पाकिटात ठेवला आणि मग फ्रिजवर लावला. फोटो लक्षात ठेवा, त्याचं काम आहे पुढे.

मी आणि बाबा इकडे आलो एकोणनव्वदमध्ये. आई तिकडेच वारली, माझा नवराही. गाडी विकून आलो. बाबा विमानात आईबद्दल काही बोलले नाहीत, गाडीबद्दल बोलले.

तर अकरा वर्षांपूर्वी, एका शनिवारी सकाळी, पुझांतने तीच मर्सिडीज आणली. म्हणजे तशीच. पांढरी, डिझेलची, हाताने गिअर टाकायची. बाबा स्वयंपाकघरात कॉफी पीत होते. बाहेर इंजिनाचा आवाज आला तसे ते कप हातात घेऊनच उठले. मी त्यांना इतक्या झटकन उठताना कधी बघितलं नव्हतं. चपला न घालता बाहेर गेले. पुझांत गाडीजवळ उभा, नवरदेवासारखा.

बाबांनी गाडीला एक चक्कर मारली. पुढे आले, थांबले. मग हातातला कप त्यांनी पुढच्या बंपरवर ठेवला. अगदी आरामात राहिला कप.

"ही काय बाल्कनी काढलीस?" बाबा म्हणाले.

"बाबा, अमेरिकेतल्या गाड्यांना असाच असतो. सरकारचा नियम होता. हळू आपटली तर दिवे फुटू नयेत म्हणून."

"मागेही बाल्कनी आहे."

"मागेही असते."

"मग गाडी का म्हणतोस? दुमजली घर म्हण. वरचा मजला भाड्याने दे."

"बसा ना बाबा. एक चक्कर मारू."

"ह्यात तू कपडे वाळत घाल," बाबा म्हणाले आणि आत गेले. पुझांत तिथेच उभा राहिला, मग बंपरवरची उरलेली कॉफी त्याने पिऊन टाकली.

मला सुरुवातीला वाटलं म्हाताऱ्याचा एक दिवसाचा फुगवा आहे. कसला एक दिवसाचा. रविवारी आम्ही चर्चला निघालो तर बाबा सूट घालून, टाय लावून, कोपऱ्यावरच्या बसस्टॉपवर जाऊन उभे. पुझांत गाडी हळूहळू त्यांच्या शेजारून नेतोय, काच खाली, मी मागे बसलेली.

"बाबा, बसा."

बाबा समोर बघतायत.

"बाबा, ऊन आहे."

"बस येते आहे," बाबा म्हणाले.

"वीस मिनिटांनी येते."

"वीस मिनिटं काय जास्त आहेत का."

मागून गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या. आम्ही पुढे गेलो. प्रार्थना अर्धी झाल्यावर बाबा आले आणि आमच्याच बाकावर माझ्या शेजारी बसले. एका घरातून निघायचं, एका चर्चला जायचं, येऊन एकाच टेबलावर जेवायचं, आणि मधे ही तऱ्हा. अकरा वर्षं, दर रविवारी. पावसाचा दिवस असेल तर पुझांतचा मित्र खाचिग यायचा त्याच्या ट्रकने बाबांना घ्यायला. खाचिगचं गॅरेज आहे सॅन फर्नांडो रस्त्यावर. त्याच्या ट्रकात कुत्र्याचे केस, ग्रीस, रिकाम्या बाटल्या. त्यात बाबा सूट घालून बसायचे.

मी एकदा बाबांना कपडे देताना विचारलं. म्हटलं, टोयोटा आणली असती त्याने तर बसला असतात का?

"बसलो असतो," बाबा म्हणाले. "टोयोटात काय वाईट आहे?"

"मग हिच्यात काय वाईट आहे?"

"पोरी, तुझी आई दारात आली, तोच चेहरा, तोच आवाज, आणि तोंड उघडलं तर दात दुसऱ्याचे. काय करशील?"

मी हे पुझांतला सांगायला नको होतं. सांगितलं. त्या दिवसापासून त्याच्या डोक्यात शिरलं की दात बदलायचे.

युरोपातल्या गाडीला बंपर वेगळा असतो. बारीक, क्रोमचा, गाडीच्या अंगाला लागून. बाबा म्हणायचे अंग आणि बंपर यांच्यात दोन बोटं जावीत, तिसरं जाता कामा नये. आमच्या गाडीच्या फटीत खरबूज गेलं असतं. पुझांतला नक्की माप हवं होतं. एका दुपारी बाबा खुर्चीत झोपलेले, हा माझा शिवणाचा टेप घेऊन त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसला आणि त्यांची दोन बोटं मोजली. साडेतीन सेंटिमीटर. मी दारात उभी राहून बघत होते. त्याने मला खुणेने गप्प राहायला सांगितलं. आकडा टेपवरच पेनाने लिहून ठेवला. माझा टेप खराब केला.

"त्यांना उठवून विचार की," मी म्हटलं.

"काय विचारू?"

"कसा होता बंपर ते."

"फोटो आहे ना माझ्याकडे," तो म्हणाला.

मला विचारलं त्याने, तेही सांगते. ताई, तू तर बसायचीस त्या गाडीत, कसा होता गं? मी म्हटलं चकचकीत होता. मला काय माहीत. मी मागच्या सीटवर बसून काजं करायचे. बंपर कोण बघतं. पण चकचकीत होता असं मी म्हटलं, आणि त्याने ते धरून ठेवलं.

पहिल्यांदा त्याने कॉम्प्युटरवरून नवा बंपर मागवला. नक्कल केलेला, स्टीलचा. खोका उघडून अंगणात मांडला. बाबा आले, नखाने टिचकी मारली. टण्ण वाजलं.

"पातेलं आहे," बाबा म्हणाले. "ह्यात पिलाव कर."

तो परत गेला. मग मागचा बंपर सापडला, सॅक्रामेंटोजवळ एका म्हाताऱ्या जर्मनाने पोटमाळ्यावर ठेवलेला, अस्सल. पुझांत सहा तास गाडी चालवत गेला, सहा तास परत आला. बाबांनी टिचकी मारली. काहीच बोलले नाहीत, आत निघून गेले. पुझांत आठवडाभर शीळ घालत होता. बाबा काही बोलले नाहीत म्हणून.

आता पुढचा. पुढचा बंपर तीन तुकड्यांचा असतो. मधला लांब, आणि दोन बाजूंना दोन वळलेले कोपरे. पुझांतने ठरवलं की पुढचा बैरूतचाच पाहिजे, टॅक्सीचाच, बाबांच्या गावचा. आम्हा लोकांचं असं आहे की तिकडून कुणीही आलं तरी रिकाम्या हाताने येत नाही, वाळवलेली वांगी आणतात, मसाले आणतात, कुणाच्या तरी आजीने विणलेला रुमाल आणतात. मग बंपर का नाही? मावसबहीण शोगिग लग्नाला आली ती गालिच्यात गुंडाळून मधला तुकडा घेऊन आली. आणि बॅगेत एक कोपरा. डावा.

ठीक. मग खाचिगचा भाऊ आला. त्याने कोपरा आणला. डावा.

मग आमचे पाद्रीबाबा तिकडे बिशपला भेटायला गेले. विमानतळावर कस्टमवाल्याने त्यांची बॅग उघडली तर आत पूजेचा सोनेरी झगा, आणि झग्यात गुंडाळलेलं हे वाकडं चकचकीत काहीतरी. हे काय आहे फादर? पाद्रीबाबा म्हणाले, मर्सिडीज. कस्टमवाला म्हणाला, बाकीची कुठे आहे? पाऊण तास बसवून ठेवलं त्यांना. घरी आणून दिला. पुझांतने झगा उलगडला. डावा.

मी हसले. मला हसू आवरेना. पुझांत माझ्याकडे बघतच राहिला.

मग त्याने बैरूतच्या भंगारवाल्याला फोन लावला. नाझो म्हणून आहे, बुर्ज हमूदच्या पुलाखाली. फोन मोठ्याने लावलेला, मी पँटची दुमड घालत ऐकत होते.

"नाझो, मी उजवा सांगितला होता."

"भाऊ, मी कोपऱ्यांचा ढीग दाखवतो, लोक चांगला बघून उचलतात. चांगले सगळे डावेच आहेत."

"उजवे कुठे गेले?"

"उजवे आहेत की. पण चांगले नाहीत. अरे टॅक्सी ती. बाईने हात केला की ड्रायव्हर उजवीकडे घुसतो, फुटपाथ नाही बघत, भाजीची गाडी नाही बघत. ह्या गावात ठोकलेला नाही असा उजवा कोपरा मी तीस वर्षांत बघितला नाही. पाहिजे तर ठोकलेला देतो."

"ठोकलेला नको," पुझांत म्हणाला.

"मग नवी टॅक्सी घे आणि घरी उभी करून ठेव," नाझो म्हणाला.

तरी त्या नाझोने पुढच्या पार्सलात एक ठोकलेला उजवा पाठवला, आणि सोबत, वजन भरायला की काय, आणखी एक डावा. चार डावे झाले. उजव्याला मधोमध मोठा पोचा, क्रोम थोडं उडालेलं, टोक आत वळलेलं. पुझांतने दोन ठिकाणी नेला. एकाने सांगितलं सरळ केला तर तडकेल. दुसऱ्याने सांगितलं क्रोम धरणार नाही. मग त्याने तो आईच्या जुन्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळला आणि गॅरेजच्या वरच्या फळीवर ठेवला. आणि चांगल्या उजव्याची वाट बघायला लागला. सहा वर्षांपूर्वीची गोष्ट ही.

मधे काय काय झालं ते विचारू नका. अमेरिकन बंपर काढला, तो दोन पिस्टनवर बसवलेला असतो, नुसता पुढचाच एवढा जड की दोघांनी उचलावा लागला, तो माझ्या अंगणात पडला. पुढे बंपर नाही म्हणून पोलिसाने नोटीस दिली. अमेरिकन परत लावला, लावलाय म्हणून पोलिसाची सही आणली, परत काढला. बोल्ट माझ्या भांड्यांच्या सिंकमध्ये धुतले. आणि मग मडगार्डला भोक पाडायचं की नाही यावर दोन वर्षं. नव्या बंपरचं टोक मडगार्डला जिथे धरतं तिथे जुनं भोक नसतं, जुनी भोकं भलतीकडेच असतात. कपडा उसवला की टाक्यांची भोकं राहतात आणि नवी शिलाई दुसरीकडून जाते, तसंच. पुझांत हातात ड्रिल घेऊन उभा राहायचा आणि ड्रिल खाली ठेवायचा.

"भोक पाड ना रे," खाचिग म्हणायचा. "मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे का?"

"चुकलं तर?"

"चुकलं तर बोळा घालू. गाडी आहे, राणीचा कान नाही."

मी म्हटलं, मी पंचेचाळीस वर्षं लोकांच्या नव्या कोऱ्या पँटींना कात्री लावते, माझा हात कधी थांबला नाही. तो म्हणाला, ताई, पँटीत बाबा बसणार नसतात. काय बोलायचं याच्यापुढे.

शेवटी डावीकडचं भोक पाडलं. मागचा बंपर बसला, पुढचा मधला बसला, डावा कोपरा बसला. उजवीकडे काही नाही. पुढचा एक दात पडल्यासारखी गाडी दिसायची. तीन डावे उरले होते, त्यातला एक मी पुदिन्याच्या वाफ्याला कड म्हणून लावून टाकला. पुझांत दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

बाबा मला दर ईस्टरला विचारायचे, काय चाललंय त्याचं? मी म्हणायचे, तुम्हीच विचारा ना. मग पुझांत मला विचारायचा, बाबा काय म्हणाले? मी म्हणायचे, तूच विचार ना. मी काय टपालखातं आहे? दोघंही विचारायचे नाहीत. बाबांची नजर गेली त्या वर्षांत. मधलं दिसत नाही आता, फक्त कडा दिसतात. पुझांत म्हणाला आता तर नीटच पाहिजे, आता ते हाताने बघतील.

फेब्रुवारीत एका मंगळवारी शाळेतून फोन आला. मुलं सोडून झाली होती. बस त्याने डेपोत लावली, दोन रेघांच्या बरोबर मधे, इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला, आणि स्टिअरिंगवर गेला. हँडब्रेक ओढलेला होता हे मला तीन जणांनी वेगवेगळं येऊन सांगितलं. चौसष्ट वर्षांचा होता.

अंत्यविधीला बाबांना त्या लोकांच्या लांबलचक काळ्या गाडीत बसवलं. बाबा घरी आल्यावर म्हणाले, "सोफ्यात बसवून नेलं मला."

आमच्यात चाळिसावा असतो. चर्चमध्ये प्रार्थना, मग कबरीवर, मग घरी लोकांना जेवण. चाळिसाव्याच्या पाच दिवस आधी मी तांदूळ निवडत बसले होते आणि मला एकदम इतका राग आला की मी ताट बाजूला ठेवलं. म्हटलं बापाला मुलाच्या कबरीवर बसने पाठवू का? कुत्र्याच्या केसांत पाठवू? गाडी दारात उभी आहे. बाबा त्या गाडीत बसतील नाहीतर मी त्या गाडीला काडी लावीन.

खाचिगला बोलावलं. गॅरेजमधल्या फळीवरून अभ्रा काढला आणि त्याच्या हातात दिला.

त्याने उघडून बघितलं, परत गुंडाळला. "वेर्जिनताई, हा नाही लावायचा. पुझांतने मला शपथ घातली होती."

"ती त्याच्याबरोबर गेली."

"चेपलाय तो. बाबांच्या हाताला लागेल. अकरा वर्षं थांबले, आणि आता असा लावायचा? ते आणखी चिडतील."

"चिडू देत. उजवा घेऊन कोण येणार आहे आता, तो?" मी म्हटलं. "लाव."

खाचिगने पाना आणला. कोपरा धरून बघितला तर टोक आत वळल्यामुळे मडगार्डला लागतच नव्हतं, त्याने गुडघ्यावर ठेवून थोडं बाहेर ओढलं, मग लागलं. आता भोक. त्याने ड्रिल उचललं आणि त्याचाही हात थांबला. सगळे सारखेच. मी माझा खडू आणला, टेप आणला, तोच, साडेतीन लिहिलेला, माप घेतलं आणि मडगार्डवर फुली मारली. म्हटलं इथे. त्याने पाडलं. दहा मिनिटांचं काम होतं. सहा वर्षं लटकवलेलं दहा मिनिटांचं काम.

चाळिसाव्याच्या सकाळी बाबांना सूट घातला. हात धरून बाहेर आणलं. त्यांना वाटलं बसस्टॉपवर चाललोय, ते तिकडेच वळायला लागले. मी त्यांना गाडीकडे वळवलं आणि हात बंपरवर ठेवला.

बाबांनी आधी टिचकी मारली. मग डावीकडून सुरुवात केली. फटीत दोन बोटं घातली, गेली. तिसरं घालून बघितलं, गेलं नाही. मग मधल्या तुकड्यावरून हात फिरवत फिरवत उजवीकडे आले. कोपऱ्यावर आले. हात थांबला. खाचिगने माझ्याकडे बघितलं.

बाबांनी पोच्यात अंगठा घातला. परत काढला. परत घातला.

"हा कुठे ठोकला?"

"बैरूतहून असाच आला, बाबा," मी म्हटलं. "चांगला उजवा मिळतच नाही."

"मिळेल कसा," बाबा म्हणाले. "उजवा ठोकलेला नाही तो टॅक्सीवाला कसला? माझा इथेच होता. आठच दिवस झाले होते गाडी घेऊन. अर्मेनिया रस्त्यावर एका बाईने हात केला, मी घेतली उजवीकडे, कलिंगडांच्या गाडीला लागली. कलिंगडं पुलापर्यंत गेली." अंगठा अजून पोच्यातच होता. "फोटो काढायला त्या पोच्यापुढे उभा राहिलो मी. पोराला दिसायला नको म्हणून."

मी म्हटलं, काय?

"पुझांतला फोटो पाठवला ना. त्यात."

मी आत गेले. फ्रिजवरचा फोटो काढला, बघितला. बाबा उजव्या कोपऱ्यापुढे उभे आहेत. एक पाय पुढे. तीस वर्षं पाकिटात आणि अकरा वर्षं फ्रिजवर आणि मी दिवसातून वीस वेळा दूध काढायला तो फ्रिज उघडते. मी परत बाहेर आले. माझा आवाज चढला होता, आजूबाजूचे ऐकत असतील तर ऐकू देत.

"बाबा, हा कोपरा सहा वर्षं फळीवर पडून होता. तुम्हाला चालणार नाही म्हणून लावला नाही त्याने."

"सहा वर्षं?"

"सहा वर्षं."

बाबांनी अंगठा पोच्यातून काढला. मग म्हणाले, "मला वाटलं मी बसायला नको आहे त्याला. मी त्याची चेष्टा केली ना, कपडे वाळत घाल म्हटलं. म्हणून पूर्ण करत नाही म्हटलं."

"विचारायचं होतंत."

"त्याने विचारायचं होतं."

आता तुम्हीच सांगा मी काय करू. एक मातीखाली आणि एक माझ्यासमोर, आणि दोघांपैकी कुणाला आधी ओरडू.

बाबा कडेकडेने हात लावत गेले आणि त्यांनी ड्रायव्हरचं दार उघडलं. हँडल न चाचपडता, बरोबर. खाचिग म्हणाला, "बाबा, आज मी चालवतो." बाबांना ते कळायला थोडा वेळ लागला. मग ते मागून फिरून पलीकडे आले, जाताना मागच्या बंपरवर एक चापट मारली, आणि पुढच्या सीटवर बसले. मी मागे बसले, जिथे नेहमी बसते.

कबरस्तानापर्यंत बाबा गप्प बसतील असं मला वाटलं होतं. कसले गप्प. दुसऱ्यात टाक. अरे दुसऱ्यात, ऐकू येत नाही का इंजिन काय म्हणतंय. लवकर दाबू नकोस. कुणी शिकवली तुला गाडी. खाचिगला तीस वर्षं गॅरेज चालवून हे ऐकावं लागलं आणि तो हो बाबा, हो बाबा करत होता आणि बाहीला डोळे पुसत होता. एका वळणावर बाबांनी काच खाली केली, हात बाहेर काढला आणि दाराच्या पत्र्यावर बोटं वाजवली. टॅक्सीवाले वाजवतात तशी.

मग म्हणाले, "घड्याळ चालत नाही हिचं. टिकटिक येत नाही."

"ते पहिल्यापासून बंद आहे, बाबा," मी म्हटलं.

"पुझांतला सांग," बाबा म्हणाले.

बाबांच्याही लक्षात आलं असेल, मला मागून त्यांचं तोंड दिसत नव्हतं. काच वर केली त्यांनी.

कबरीवर पाद्रीबाबांनी धूप केला, प्रार्थना केली. बाबा दगडाजवळ वाकले आणि माती हाताने चाचपली, मग उठून म्हणाले चला. येतानाही पुढेच बसले. आता दर रविवारी बसतात. खाचिग येतो चालवायला, कारण मला गिअरची येत नाही. बसस्टॉपवरून जाताना बाबा मान वळवून बघतात.

आणि तीन डावे कोपरे माझ्याकडे पडून आहेत. अस्सल, एकही ओरखडा नाही, त्यातला एक खुद्द पाद्रीबाबांच्या झग्यातून आलेला. कुणाकडे अशी गाडी असेल आणि डावा हवा असेल तर येऊन दोन घेऊन जा, शनिवार सोडून, शनिवारी मी दुकानात असते. तिसरा मिळणार नाही, तो पुदिन्याला आहे. उजवा कुणी मागू नका.